वाचकांचे प्रश्न : झोपाळा, खुर्ची, उडी आणि वाकळ

गेल्या दोन महिन्यांत सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खेळसाधनांविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. बहुतेकांनी मुलाचे निदान कळवले आहे आणि साधनाचे नाव विचारले आहे. निदानावरून साधन ठरत नाही. मुलाचे वय, वजन, त्याला काय जमते, काय जमत नाही आणि घराचे छप्पर कसले, हे ज्यांनी लिहिले त्यांना नेमके उत्तर देता आले. म्हणून तीच पत्रे आधी घेतली आहेत.

प्रश्न : वाईत आमचे जुने कडीपाटाचे (लाकडी कड्यांवर पाट टाकलेल्या छताचे) घर आहे. मुलगा ६ वर्षांचा, वजन २० किलो, स्वमग्न. दिवसभर स्वतःभोवती गरगर फिरतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी झोपाळा लावायला सांगितले. एका दोरीवर टांगायचा जाळीचा गोल झोपाळा पाहून ठेवलाय. तो घेऊ का? कडीला टांगला तर चालेल का? (एक आई, वाई)

उत्तर : आधी टांगण्या किती, ते ठरवा. दोन टांगण्यांचा झोपाळा पुढे-मागे जातो. एका टांगणीचा पुढे-मागे, आडवा आणि स्वतःभोवतीही फिरतो. संथ, एका लयीतल्या पुढे-मागे झोक्याने बहुतेक मुले शांत होतात. गोल फिरण्याने चेततात. तुमचा मुलगा आधीच गरगर फिरतो, आणि अशा काही मुलांना चक्कर आल्यासारखी दिसत नाही. खरा धोका इथेच आहे. त्याला काही होत नाही असे समजून मोठी माणसे फिरवत राहतात आणि तासाभराने मूल ओकते किंवा रात्रभर जागते. गोल फिरवणे किती, कोणत्या दिशेने आणि कधी, हे ओटीने समोर बसून ठरवायचे काम आहे. घरी सुरुवात दोन टांगण्यांनी करा. आपला लाकडी फळीचा झोपाळा याला उत्तम आहे, नवे काही मागवायची गरज नाही. फळी ९० × ६० सेंमीची मिळाली तर मुलाला पोटावर झोपूनही झुलता येईल. फळीच्या कडांना गादीची पट्टी मारा, कारण उतरताना झोपाळा मागून पोटरीवर किंवा डोक्यावर आपटतो.

आता टांगणे. कडीपाटातल्या कड्या पाटाचे वजन पेलण्यापुरत्या असतात. झोपाळा कडीला नको, तुळईलाच (कड्या ज्यावर टेकतात त्या जाड आडव्या लाकडालाच) हवा. तुळई तपासायला एक जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि भिंतीत शिरते त्या टोकापासून हातभर अंतरापर्यंत टोचून पाहा. ओल तिथेच लागते आणि वाळवीही तिथूनच चढते. टोक सहज आत गेले, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा खाली भुसा पडलेला दिसला, तर त्या तुळईचा नाद सोडा. तुळई चांगली असली तरी तिच्या पोटात खालून आट्याचा हुक पिळू नका. हुक फक्त आट्यांच्या पकडीवर टिकतो, रोजच्या झोक्याने भोक सैल होते आणि एक दिवस हुक लाकडासकट बाहेर येतो. त्याऐवजी तुळईला वरून वेढा देणारी ४० × ६ मिमीची लोखंडी पट्टी लोहाराकडून वाकवून घ्या, तिची दोन्ही टोके तुळईखाली १२ मिमीच्या बोल्टने बांधा आणि त्या बोल्टात झोपाळ्याचे कडे अडकवा. वेढा घालायला वरचा पाट थोडा कापावा लागेल. तो कापावा, पट्टी अर्धवट बसवू नये.

ज्यांच्या घराला स्लॅब आहे त्यांच्यासाठी : पंख्याच्या हुकाला झोपाळा कधीही नाही. तो हुक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी टाकलेला असतो. स्लॅबमध्ये ठोकून फुगणारे फास्टनर हेलकाव्याने ढिले होत जातात. रसायनाने चिकटवलेले १२ मिमीचे बोल्ट आणि चार भोकांची प्लेट हा जास्त भरवशाचा मार्ग. स्लॅब गळका असेल किंवा सळई गंजून पापुद्रे सुटत असतील, तर भोक पाडण्याआधी इंजिनिअरला दाखवा. पत्र्याच्या घरात छताच्या अँगलला काहीच टांगू नका. तिथे जमिनीवर उभी राहणारी चौकटच लागते, आणि तिचे पाय झोपाळ्याच्या दिशेने पुढे-मागे फाकलेले हवेत.

वजनाचा हिशेब असा. मूल २० किलो आणि त्याला मांडीवर घेऊन बसणारी तुम्ही ५५ किलो, म्हणजे ७५. झुलताना, धपकन बसताना हा भार दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून प्रत्येक टांगणीचा सुरक्षित भार किमान ३०० किलो असू द्या. झोपाळा अडकवायच्या धातूच्या कड्यांवर ‘केएन’ (किलोन्यूटन) असा आकडा कोरलेला असतो. १ केएन म्हणजे सुमारे १०० किलो; पण तो आकडा कडे तुटण्याचा असतो, रोज वापरण्याचा नाही. स्क्रूने बंद होणारी पोलादी कडी घ्या. उघड्या एस-हुकातून साखळी उसळून बाहेर पडते, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची ॲल्युमिनियमची कडी तर खेळण्यातलीच.

फळी जमिनीपासून एक फुटावर ठेवा. दोरी ८ फूट असेल तर मध्यम झोक्यात झोपाळा मध्यापासून दोन्हीकडे चार-चार फूट जातो, त्यात मुलाचे पाय धरा. म्हणजे पुढे-मागे सात-सात फूट आणि बाजूंना तीन-तीन फूट मोकळे पाहिजे. तेवढी जागा नसेल तर दोरी आखूड करता येते, भिंत हलवता येत नाही. साखळीत बोट चिमटते. तिच्यावर बागेच्या पाइपचा तुकडा चढवा. मूल बसवण्याआधी साखरेची ५० किलोची दोन पोती बांधून तासभर झुलवा आणि प्रत्येक जोड पुन्हा पाहा. नंतर महिन्यातून एकदा कडे जिथे कड्यावर घासते ती जागा पाहा. मूळ जाडीचा दहावा हिस्सा झिजला की कडे बदला.

वापर पाच ते दहा मिनिटे, आणि सुरू-बंद करणे मुलाच्या हातात. चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया सुरू झाल्या, उचकी लागली किंवा हसणे थांबेनासे झाले तर झोपाळा हळूच थांबवा. त्यानंतर त्याला जोर लावायचे काम द्या : अर्धी भरलेली कळशी उचलून नेणे, कणीक मळणे, पोते ढकलणे. मुलाला आकडीचा त्रास असेल तर यातले काहीही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : नातू साडेतीन वर्षांचा, सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे, दोन्ही पाय कडक. बसताना पाय मागे दुमडून इंग्रजी डब्ल्यूसारखा बसतो. लेकीच्या सासरच्यांनी चाकांचा गोल वॉकर आणलाय, त्यात तो घरभर पळतो. फिजिओ म्हणतात काढून टाका. त्याला खुर्ची करून घेऊ का? गावातला सुतार चांगला आहे. (आजोबा, तासगाव)

उत्तर : फिजिओचे ऐका. गोल वॉकरमध्ये मूल कापडी झोळीत लटकते आणि चवड्यांनी ढकलत जाते. कडक पोटऱ्यांना नेमकी नको ती सवय लागते, आणि उंबऱ्यावर किंवा पायरीवर वॉकर उलटतो तो वेगळाच. कॅनडाने अशा वॉकरच्या विक्रीवर २००४ मध्ये बंदी घातली, तीही धडधाकट बाळांच्या अपघातांमुळे. आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून बरा, कारण त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. पण तुमच्या नातवासाठी तोही नको : पुढे ढकलायच्या गाड्यावर तो कमरेतून वाकून झुकेल. अशा मुलांना बहुतेकदा मागून येणारा वॉकर देतात, ज्याची चौकट पाठीमागे असते आणि चाके उलटी फिरत नाहीत. त्याची मूठ कोपर जरा वाकेल इतक्या उंचीवर लागते. ते माप फिजिओलाच घेऊ द्या.

खुर्ची मात्र जरूर करून घ्या. मूल डब्ल्यू बसते ते हट्टाने नव्हे. तसे बसल्यावर बूड पसरते, तोल सांभाळावा लागत नाही आणि दोन्ही हात खेळायला मोकळे राहतात. नुसते ‘नीट बस’ म्हणून उपयोग नाही, हात मोकळे ठेवणारी दुसरी बैठक द्यावी लागते. आणि कोपऱ्यात पाय लांब करून बसवायची खुर्ची मागवू नका. मांडीच्या मागचे स्नायू कडक असले की पाय लांब करताच कंबर मागे घसरते आणि पाठ कमानीसारखी होते. त्याला गुडघे वाकवून बसायची खुर्ची हवी.

मापे मूल बसवून, चपला काढून घ्या. बैठकीची खोली : पाठीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, त्यातून ३ सेंमी वजा. जास्त खोल झाली तर मूल पुढे घसरते. बहुतेक घरगुती खुर्च्या इथेच फसतात, कारण सुतार ‘वाढत्या अंगाची’ करतो. पाय ठेवायच्या फळीपासून बैठकीची उंची : खळगीपासून टाचेपर्यंत. रुंदी : कुल्ल्यांची रुंदी अधिक ३ सेंमी. पुढच्या टेबलाची उंची मूल बसलेले असताना कोपराइतकी, आणि टेबलाला पोटाजवळ अर्धगोल काप.

१८ मिमीचे पाण्याला टिकणारे प्लाय वापरा, कडा गोल घासून घ्या. वाढीची सोय बैठकीत करू नका, पाय ठेवायच्या फळीत करा : तिला अडीच-अडीच सेंमीवर भोके पाडा, मूल वाढेल तशी फळी खाली न्या. पाठीमागे जाड फोमचे ठोकळे लावले की खोलीही पुढे वाढवता येते, ठोकळा काढला की झाले. बैठकीवर सनमायका लावला तर मूल साबणासारखे सरकते. जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवा. गुडघे एकमेकांकडे ओढले जात असतील तर मध्ये गादी गुंडाळलेला छोटा ठोकळा लावा. तो गुडघ्यांजवळ, पुढच्या कडेला. जांघेत लावला तर मूल त्यावर टेकून घसरते. पट्टा ४ सेंमी नवारीचा, बैठक आणि पाठ मिळतात तिथून निघून मांड्यांच्या मुळावरून तिरपा जाणारा. पोटावरून आडवा बांधलेला पट्टा घसरलेल्या मुलाच्या छातीवर चढतो.

एका बैठकीत अर्धा तास पुरे. आणि खुब्यांचा एक्स-रे गेल्या वर्षभरात काढला नसेल तर फिजिओंना किंवा अस्थितज्ज्ञांना त्याबद्दल विचारा. सीपीच्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो आणि बराच काळ दुखत नाही.

प्रश्न : मुलगी ८ वर्षांची, डाउन सिंड्रोम. वाढदिवसाला छोटे ट्रॅम्पोलिन द्यायचे आहे. तिला उड्या फार आवडतात. (आईबाबा, सातारा)

उत्तर : देऊ नका. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरणारे बंध सैल असू शकतात आणि उडीत मानेला बसणारा झटका मज्जारज्जूवर येऊ शकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की डाउन सिंड्रोम असलेल्या ६ वर्षांखालच्या मुलांना ट्रॅम्पोलिन नाहीच आणि त्यापुढे फक्त तज्ज्ञ समोर असताना. घरी हे पाळले जात नाही. भावंडे चढतात, आणि दोघे एकदम उडाले की हलके मूल वर फेकले जाते. एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मान दुखणे, मान वाकडी धरणे, चाल बदलणे, हातापायांतला जोर कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा नव्याने सुटणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोलांटउडी आणि शीर्षासनही तिला नको, शाळेतल्या पी.टी.च्या सरांना हे लेखी द्या, तोंडी सांगितलेले स्नेहसंमेलनाच्या वेळी कुणी लक्षात ठेवत नाही.

उसळायची हौस शेंगदाण्याच्या आकाराच्या मोठ्या चेंडूवर बसून भागते. पाय जमिनीवर टेकलेले हवेत, गुडघे काटकोनात. चेंडू न फुटणाऱ्या जातीचा घ्या, म्हणजे खिळा लागला तरी हवा हळू जाते. पहिल्या दिवशी पूर्ण फुगवू नका : जवळजवळ भरा, रात्रभर ठेवा, रबर सैलावले की दुसऱ्या दिवशी पूर्ण भरा.

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, वजन २८ किलो, झोप कमी. वजनदार ब्लँकेट घेण्याजोगे आहे का? (कराड)

उत्तर : महाग आहे म्हणून आधी घरातली वाकळ वापरून पाहा. वजनकाट्यावर ठेवा; वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे तुमच्या मुलाला पावणेतीन किलोच्या आत. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनदार ब्लँकेटने झोपेचे तास वाढले नाहीत, पण मुलांना आणि पालकांना ते साध्या ब्लँकेटपेक्षा जास्त आवडले. तेव्हा अपेक्षा तेवढीच ठेवा. मुलाला ते स्वतः फेकून देता आले पाहिजे, डोक्यावर कधीच येता कामा नये. दमा, आकडी किंवा हातात जोर नसलेल्या मुलाला आणि लहान बाळाला अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये तर बाजूलाच ठेवा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत ५ विशेष गरजा असलेली मुले आहेत. गावाने लोकवर्गणीतून २५ हजार दिले. एका खोलीचा कोपरा तयार करायचा आहे. विक्रेत्याने बॉल पूल आणि रंगीत दिव्यांचा खांब सुचवला आहे. (शिक्षक, जत तालुका)

उत्तर : दोन्ही नको. ४ × ४ फुटांचा, सव्वा फूट खोल हौद भरायला ७ सेंमीचे दीड-दोन हजार चेंडू लागतात. एका मुलाने त्यात लघवी केली की ते सगळे धुवायचे, आणि जतसारख्या भागात उन्हाळ्यात तेवढे पाणी कुठून आणणार? दिव्यांचा खांब वीज असेल तेव्हा चालतो आणि मूल त्याच्यापुढे नुसते बसून राहते.

पहिला खर्च जमिनीवर : २५ मिमी जाडीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या मॅट, किमान ८ × १० फूट. दुसरा बसण्यावर : ज्यांचे पाय बाकावरून लोंबकळतात त्यांना पाय टेकायला लाकडी ठोकळे. यात पैसे फार जात नाहीत, पण लिहिताना हात स्थिर होण्यात याचा वाटा मोठा असतो. तिसरा एक शेंगदाणा चेंडू आणि एक ४५ सेंमीचा गोल चेंडू.

उरलेले गावात बनते. पोटावर झोपून हातांनी ढकलायची चाकांची फळी : १८ मिमी प्लाय, ४० × ३० सेंमी, वर फोम, खाली २ इंची फिरती चाके. लहान चाके शहाबादीच्या सांध्यात अडकतात. चाके कडेपासून ५ सेंमी आत लावा, नाहीतर बोटे चिरडतात. मोकळे केस आधी बांधा. तोलाची फळी : ६० × ४० सेंमी, खाली ८ सेंमी उंचीचे दोन अर्धगोल, त्यांच्या पोटाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. धान्याची चार जुनी पोती शिवून बोगदा. दोन दुचाकीचे टायर, आत तार बाहेर आली आहे का ते पाहून. लंगडीचे घर जमिनीवर रंगाने आखून घ्या. सागरगोटे, चिंचोके, कवड्या बोटांच्या कामाला चांगल्या, पण जे मूल वस्तू तोंडात घालते त्याच्यासमोर नाही. हार्डवेअरच्या दुकानातून सव्वा इंची पाइपचा तुकडा आणा : जी वस्तू त्यातून आत जाते ती त्या मुलासाठी घशात अडकणारी. मूल १२ वर्षांचे असले तरी हाच नियम. चेंडू आणि गोट्यांना पावणेदोन इंचांची मर्यादा धरा. ज्वारी-तांदळाच्या परातीत हात घालायचा खेळ ठेवलात तर शेजारी बसून. दाणा नाकात गेला की फुगतो. बटणासारखे सेल आणि छोटे लोहचुंबक असलेली वस्तू खोलीत आणूच नका. सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

विकतच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. उपचाराची साधने खेळणी म्हणून विकली जात नसतील तर त्यांवर ते दिसणार नाही. तिथे सोसणारे वजन लेखी मागा.

आणि वर्गणी संपण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शैक्षणिक साहित्याचा संच केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधने देणाऱ्या) योजनेत येतो. समग्र शिक्षा योजनेच्या विशेष शिक्षकांकडून त्याच्या शिबिराची तारीख कळेल.

प्रश्न : पुराच्या पाण्यात फोमचे रोल आणि मॅट भिजल्या होत्या. वाळवल्या, तरी वास जात नाही. (पलूस तालुका)

उत्तर : दाबल्यावर पाणी पिणारा मऊ फोम, म्हणजे रेक्झिनच्या आतला, टाकून द्या. २०१९ असो की २०२१, पुराचे पाणी म्हणजे सांडपाणीच. वरून रेक्झिन कोरडे दिसले तरी शिवणीतून आत गेलेली ओल बाहेर येत नाही, आत बुरशी वाढते आणि मूल त्यावर तोंड टेकून झोपते. रबरासारख्या मॅट आत पाणी घेत नाहीत, त्या वाचतात : साबणाने घासा, मग १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे ब्लीच २० मिली या प्रमाणात कालवून १० मिनिटे ओल्या ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत उभ्या करून वाळवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. प्लायचे थर सुटले असतील तर ती खुर्ची वजन धरणार नाही. साखळ्या-कड्यांवर गंज आला असेल तर त्या बदलाच. नवा रोल घेताना शिवणीऐवजी चेन असलेले, काढून धुता येणारे कव्हर मागा, आणि जूनच्या सुरुवातीलाच तो माळ्यावर चढवा.